चौतीस मंगळवारकर

सन १९७७. त्या वर्षी आमच्या किनाऱ्यावरच्या सॉल्टपाँड गावात साबण मिळत नव्हता, साखर मिळत नव्हती, शिवणयंत्राची सुई तर औषधालाही मिळत नव्हती. मिळत होती ती फक्त माणसं, अमुक वस्तू तमुक ठिकाणी हमखास मिळेल असं छातीठोकपणे सांगणारी. अशा वर्षी शहाण्या बाईनं गप्प बसावं. मिसेस अराबा क्रेन्ट्सिल शहाण्या होत्याच, पण गप्प बसणं त्यांच्या शहाणपणात मोडत नव्हतं.

टेकडीवरच्या चर्चमध्ये सुगीच्या रविवारची सभा भरली होती. आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं तो वारच त्याचं पहिलं नाव होतो. शुक्रवारचा मुलगा कोफी, बुधवारची मुलगी एकुआ, मंगळवारची अराबा. सुगीच्या रविवारी हे सात वार सात निशाणांखाली उभे राहतात, आपापली कोनफळं आणि केळीचे घड वाजतगाजत वेदीपाशी नेतात, आणि कोणत्या वारानं बाजी मारली यावरून पुढं वर्षभर एकमेकांना टोचून बोलतात. मंगळवारचं निशाण चौदा वर्षं अराबाबाईंच्या हातात होतं. बुधवारचं तितकीच वर्षं एकुआ टँडो या पाववालीच्या हातात. दोघी जन्मापासूनच्या शेजारणी. एकीचं बरं झालेलं दुसरीला बघवत नसे, आणि वाईट झालेलं तर त्याहून बघवत नसे.

त्या सभेत एकुआबाई उठल्या आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "गेल्या वर्षी मंगळवारची पोरं वेदीकडे निघाली तेव्हा मला वाटलं, आंघोळीलाच चाललीत. यंदा अंगावर काही घालता आलं तर बघा."

लोक हसले. हसणाऱ्यांत दोन मंगळवारकरही होते, आणि ते अराबाबाईंना पुढं कित्येक वर्षं नावानिशी आठवत होते. त्या उठून उभ्या राहिल्या.

"यंदा मंगळवारच्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या अंगावर नवा कपडा असेल. माझ्या घरी, माझ्या हातानं शिवलेला. एक जरी पोर तसंच राहिलं, तर त्याच दिवशी मी निशाण खाली ठेवीन."

शेजारी बसलेल्या मिस्टर क्रेन्ट्सिलनी डोळे मिटून घेतले. बत्तीस वर्षं पोस्टात लोकांच्या तारा पोचवून त्यांना एवढं कळलं होतं, की वाईट बातमी नेहमी थोडक्यात येते.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

"बारा. मी मोजलीत."

"कापड?"

"मिळेल."

"कुठं?"

"मिस्टर क्रेन्ट्सिल, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायलाच हवी का?"

कापड त्या दिवसांत सरकारी चिठ्ठीवर मिळायचं. चिठ्ठी देणाऱ्या कचेरीत मिस्टर अमिसा नावाचे कारकून होते. गृहस्थ सज्जन, आवाज मऊ, आणि मान इतकी अदबीनं लवलेली की नाही म्हणतानाही हो म्हणाल्यासारखे वाटत. त्यांनी अर्ज पुढं ओढला.

"गणवेश की अंत्यविधी?"

"दोन्ही नाही. लहान मुलांचे कपडे. घरी शिवायचेत."

"रकाने दोनच आहेत, मॅडम."

"मग तिसरा आखा. ही घ्या माझी पट्टी."

"रकाना आखायचा अधिकार राजधानीचा, आक्राचा. आम्ही नुसते भरतो." अमिसांनी लेखणी खाली ठेवली आणि खरोखरच्या कळकळीनं विचारलं, "तुमच्याकडे अलीकडे कोणी गेलंय का?"

"देवाच्या दयेनं नाही."

"मग अवघड आहे." ते हळहळले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "अलीकडे म्हणजे किती अलीकडे, असं मात्र इथं कुठं लिहिलेलं नाही."

अराबाबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण मिस्टर क्रेन्ट्सिलचे काका वारले होते ही गोष्ट खरी होती. अकरा वर्षांपूर्वी वारले होते हे कोणी विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगणं हा आगाऊपणा झाला असता.

"काका. मोठा आधार होता," त्या म्हणाल्या.

"अरेरे. अंत्यविधी कधी?"

"शनिवारी," त्यांच्या तोंडून निघून गेलं. आमच्याकडे अंत्यविधी शनिवारीच असतात, मग माणूस जाऊन महिने का होईनात. "म्हणजे, सुगीच्या आदल्या शनिवारी."

"वय?"

"चौसष्ट."

"म्हणजे काळं आणि तांबडं." अमिसा लिहायला वाकले.

अराबाबाईंच्या डोळ्यांपुढं वेदीकडं निघालेली बारा सुतकी पोरं उभी राहिली. "आणि वय जास्त असलं तर?"

"पिकल्या पानाला पांढऱ्यावर निळं. त्यात दुःख कमी धरतात."

"चौऱ्याण्णव," अराबाबाई म्हणाल्या. "मघाशी तीस वर्षं सांगायची राहिली."

घरी हे ऐकून मिस्टर क्रेन्ट्सिलनी आभाळाकडं बघितलं. "काकांना हे आयुष्य जिवंतपणी मिळालं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले. पण पांढऱ्यावर निळ्या पक्ष्यांचं बारा यार्ड कापड टेबलावर पडलं होतं, आणि ते इतकं सुंदर होतं की त्यांनाही हात फिरवल्याशिवाय राहवलं नाही.

अराबाबाईंना लहान मुलांच्या कपड्याचा एकच बेत येत होता. तो त्या मिशनच्या मुलींच्या शाळेत छड्या खात शिकल्या होत्या. गोल गळा, पुढं दोन चुण्या, फुग्याच्या बाह्या. मुलगा असला तर फुगे काढून टाकायचे आणि घेर कमी करायचा, की झाला सदरा. हातानं फिरवायचं यंत्र व्हरांड्यात आलं. त्याला सुई एकच होती, तीही टोकाला जराशी शंकास्पद. ती मोडली तर सगळंच मोडणार, म्हणून यंत्राच्या दहा पावलांत शिंकायला बंदी झाली.

व्हरांड्यात यंत्र आलं की सल्ले आपोआप येतात. पलीकडच्या घरातली मन्सा ही मासे धुरी देऊन विकणारी बाई पहिल्याच सकाळी आली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "आंटी अराबा, दोन बोटं मोठं ठेवा. मूल वाढतं." दुपारी दुसऱ्या एकीनं चार बोटं सांगितली. संध्याकाळी तिसरी म्हणाली, एवढं महागाचं कापड, वीतभर तरी ठेवा, शाळेतही चालेल. अराबाबाईंनी सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं, आणि पहिला फ्रॉक तीन वर्षांच्या मुलीला घातला तेव्हा मुलगी आत कुठं आहे ते तिच्या आईला हाक मारून विचारावं लागलं. त्या दिवसापासून सल्ला देणाऱ्या बाईला त्यांनी हातात कात्री देऊन काजं कापायला बसवलं. सल्ले निम्म्यावर आले.

सल्ले निम्म्यावर आले आणि मुलं जवळजवळ तिप्पट झाली. सोमवारी यादीत बारा होती. बुधवारी एकवीस. शुक्रवारी चौतीस.

मन्सानं आपला चार वर्षांचा मुलगा पुढं ढकलला. "हाही मंगळवारचा आहे, आंटी."

"नाव काय रे तुझं?"

"कोफी," मुलगा म्हणाला.

अराबाबाईंनी चष्म्यावरून मन्साकडं बघितलं. कोफी म्हणजे शुक्रवार, हे आमच्याकडे कोंबड्यांनाही ठाऊक असतं.

"नाव माझ्या थोरल्या मामाचं ठेवलंय," मन्सा म्हणाली. "मामा शुक्रवारचा. पोरगा मंगळवारचाच. मला पक्कं आठवतं, कळा आल्या तेव्हा ह्याचा बाप अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता."

आमच्या किनाऱ्यावर मंगळवारी कोणी होडी समुद्रात घालत नाही. तो समुद्राचा विश्रांतीचा दिवस, पणज्या-खापरपणज्यांपासूनचा. कोळी त्या दिवशी घरी बसून जाळी नीट करतात. तेव्हा बाप घरी होता म्हणजे मंगळवार होता, याला कोर्टातसुद्धा उत्तर नाही. मन्साच्या मागं उभ्या असलेल्या एसीच्या आईनंही तेच सांगितलं. एसी म्हणजे रविवार, पण नाव आत्याचं आणि बाप जाळं विणत होता. तिच्यामागच्या जुळ्यांच्या आईनंही तेच सांगितलं, फक्त जाळ्याऐवजी होडीला डांबर लावलं.

"काय गं," अराबाबाई म्हणाल्या, "या गावातले कोळी फक्त मंगळवारीच बाप होतात का?"

"आंटी, बाकीच्या दिवशी ते घरी असतात कुठं?" मन्सा म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्या बायांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

अराबाबाईंचा राग अनावर झाला. कापड बाराच मुलांचं होतं, आणि सभेतलं वचन प्रत्येक मुलाचं होतं. चौतीस खरी मानली तर निशाण गेलं. खोटी ठरवायची तर पुरावा हवा. त्यांनी फर्मान काढलं, जन्माचे दाखले आणा.

दाखले आले. ते बघून अराबाबाईंच्या लक्षात आलं की गावातल्या निम्म्या मुलांचा जन्म ऑक्टोबरातल्या एकाच आठवड्यात झाला आहे. उशिरा नोंद केली की दंड बसतो, म्हणून आईबाप सवड काढून कचेरीत जातात तेव्हा मूल दहा दिवसांचं आहे असं सांगतात, मग ते दाराशी चेंडू का खेळत असेना. मासेमारीचा हंगाम संपला की गावाला सवड मिळते. एका दाखल्याप्रमाणं तर जुळ्यांत दोन महिन्यांचं अंतर होतं.

"राहिली चर्चची बाप्तिस्म्याची वही," अराबाबाई म्हणाल्या. "तिथं वार लिहिलेला असतो. देवासमोर कोणी वार बदलत नाही."

"अराबा," मिस्टर क्रेन्ट्सिल म्हणाले, "जुन्या वह्या उघडू नयेत. पोस्टात आम्ही कधी उघडत नसू."

"म्हणूनच पत्रं पोचत नसत."

वह्या एसिल्फी मास्तरांच्या ताब्यात होत्या. ते चर्चचे शिक्षक, वय सत्तरच्या पुढं, आणि गावातल्या प्रत्येकाबद्दल इतकं ठाऊक की बोलायचं त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. त्यांनी नवी वही काढून दिली. वाळवीनं त्यातली दोन वर्षं सरसकट खाल्लेली, पण उरलेल्यात कोफीचं पान होतं. शुक्रवार. एसी, रविवार. जुळी, शनिवार. अराबाबाई लाल पेन्सिलीनं यादीतली नावं खोडत गेल्या आणि प्रत्येक नावागणिक त्यांची पाठ ताठ होत गेली. बावीस नावं खोडून झाली.

इथं थांबल्या असत्या तर ही गोष्टही इथंच थांबली असती. पण त्यांना मन्साचा पुरता निकाल लावायचा होता. "तो थोरला मामा तरी खरा आहे का बघू," त्या म्हणाल्या. "जुनी वही द्या. माझ्याच वयाचा असेल."

एसिल्फी मास्तर जरा घुटमळले. "ती फार फाटलीय, मॅडम."

"मी हळू उलटीन."

१९२४ सालच्या पानावर मन्साचा मामा होता. शुक्रवारचा, अगदी खरा, ठळक अक्षरात. आणि त्याच्यावर दोन ओळी सोडून तपकिरी पडलेल्या शाईत लिहिलं होतं, 'बुधवार, १२ मार्च. मुलगी. आजीवरून नाव अराबा.' खाली त्यांच्या वडिलांची सही.

अराबाबाईंनी ती ओळ एकदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग पान उजेडाकडं धरून वाचली, जणू दिवसाचा वार उजेडात वेगळा दिसेल. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत राहिला. त्रेपन्न वर्षं त्यांनी बुधवारच्या माणसांबद्दल काय काय म्हटलं होतं ते सगळं ओळीनं आठवायला लागलं. आतल्या गाठीची. कंजूष. बोलणं गोड असलं तरी मन नाही. बुधवारची बाई आणि भोकाचं मडकं, दोन्ही दारात उभी करू नयेत, ही म्हण तर त्यांची स्वतःचीच होती.

एसिल्फी मास्तर खिडकीकडं तोंड करून उभे होते. "वाळवीचं काही खरं नाही," ते म्हणाले. "हे पानही जाईल एखाद्या वर्षात. झाकू का वही?"

"झाका," अराबाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबवलेल्या मक्याच्या केंकीचा तुकडा तळल्या माशाबरोबर तसाच ताटात ठेवून त्यांनी यादी पुढं घेतली आणि खोडरबरानं लाल रेघा पुसायला लागल्या.

"खोडलेली नावं परत?" मिस्टर क्रेन्ट्सिलनी विचारलं.

"सगळी मंगळवारची आहेत."

"काल तर—"

"काल मला कमी माहीत होतं."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत बंद पाकीट कधी फोडायचं नाही हे ते शिकले होते. त्यांनी फक्त विचारलं, "आणि कापड?"

कापडाचा हिशेब अराबाबाईंनी खडूनं व्हरांड्याच्या फरशीवरच बेतला. बारा यार्डांत चौतीस कपडे बसत नाहीत. पण शिवलेले उसवले तर पुढच्या बाजू बसतात. नुसत्या पुढच्या. पाठींसाठी दुसरं काहीतरी पांढरं हवं. पांढरं कापड साऱ्या गावात एकाच घरी होतं, पिठाच्या जुन्या सुती पोत्यांच्या रूपानं, आणि ते घर एकुआ टँडोचं होतं.

एकुआबाई भट्टीसमोर बसल्या होत्या. पीठ नसल्यामुळं भट्टी गार होती, पण बसायची सवय गेली नव्हती.

"सिस्टर अराबा. बस. वाट चुकलीस का?"

"सतरा पोती हवीत."

"पीठ नाही."

"रिकामी."

एकुआबाईंनी अराबाबाईंकडं नीट बघून घेतलं. बातमी गावभर होतीच. "मंगळवारची पोरं यंदा बुधवारच्या पोत्यात बसून जाणार म्हण."

नेहमीच्या अराबाबाई या वाक्याला तीन वाक्यं परत देऊन उठल्या असत्या. त्या दिवशी त्या नुसत्या म्हणाल्या, "हो."

एकुआबाईंच्या कपाळावर आठी आली. "तुला बरं नाही का?" त्या आत गेल्या आणि सतराच्या जागी वीस पोती घेऊन आल्या.

"अक्षरं जातील ना ही?" अराबाबाईंनी विचारलं. पोत्यांवर हातभर लांबीची निळी अक्षरं छापलेली होती.

"साबणात दोनदा उकळलीस की जातील."

"साबण आहे?"

"साबण असता तर मी आधी आंघोळ केली असती."

पुढचे नऊ दिवस यंत्र सकाळी उजाडताच सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत थांबत नसे. मिस्टर क्रेन्ट्सिल हात फिरवत आणि अराबाबाई कापड सरकवत. सुई एकतिसावा कपडा पुरा होताच मोडली. उरलेले तीन त्यांनी हातटाक्यानं पुरे केले, बोटांना भोकं पाडून घेत. अक्षरं पोतं उलटं करून आत दडवून बघितली, पण कापड विरळ होतं, उन्हात धरलं की सगळं वाचता येत होतं, फक्त उलटं. उलटं वाचता येण्यापेक्षा सुलटं बरं, म्हणून त्यांनी ती बाहेरच ठेवली आणि इलाज वेगळा काढला. राजासमोरून परतताना माणूस पाठ दाखवत नाही. मग देवासमोरून का दाखवावी? मुलांनी सरळ चालत जायचं, कोनफळ ठेवायचं, आणि तसंच मागं मागं पावलं टाकत जागेवर यायचं. एकदाही वळायचं नाही.

सुगीच्या आदल्या शनिवारी व्हरांड्यात याची तालीम चालली होती. पांढऱ्या-निळ्यातली चौतीस मुलं खेकड्यांसारखी मागं सरकत होती, दर दोन मिनिटांनी एखादं पायरीवरून खाली जात होतं, तेवढ्यात फाटकातून मिस्टर अमिसा आले. बरोबर कचेरीतले आणखी दोघे. तिघांच्या अंगावर अंत्यविधीचे पांढरे-निळे पंचे, हातात पितरांना ओतायची जिनची बाटली, आणि चेहऱ्यावर सरकारी नव्हे, खरं दुःख.

"आमच्याच हातून चिठ्ठी गेली," अमिसा म्हणाले. "न येणं बरं दिसलं नसतं." मग त्यांनी मुलांवर नजर फिरवली आणि त्यांचे डोळे भरून आले. "एवढी पतवंडं. माणसानं जगावं तर असं."

वाचवलं मिस्टर क्रेन्ट्सिलनी. ते उठले, तिघांशी उजवीकडून डावीकडं हस्तांदोलन केलं, बसायला दिलं, पाणी दिलं आणि रीतीप्रमाणं त्यांना येण्याचं कारण विचारलं. त्यांनी ते सांगितलं. मग मिस्टर क्रेन्ट्सिल काकांबद्दल बोलायला लागले. काका पतंग कसे बनवत, एकदा हरवलेली तार देण्यासाठी नऊ मैल कसे चालत गेले, तंबाखू सोडली असं दर रविवारी कसं जाहीर करत. एकही शब्द खोटा नव्हता. अकरा वर्षांत त्यांना काकांबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी अमिसांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अराबाबाई कधी नव्हे त्या नवऱ्यासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"चौऱ्याण्णव म्हणजे भरपूर," जाताना अमिसा म्हणाले.

"आम्हाला कमीच वाटलं," मिस्टर क्रेन्ट्सिल म्हणाले.

रविवार उजाडला. चर्च दारापर्यंत भरलं होतं. सोमवारकर गेले, आले. मग मंगळवारचं निशाण पुढं झालं, आणि अराबाबाईंच्या मागून दोन दोनच्या रांगेत चौतीस मुलं निघाली. पांढऱ्यावर निळे पक्षी, गोल गळे, फुग्याच्या बाह्या. चर्चमध्ये असा काही उसासा उमटला की अराबाबाईंच्या बोटांची भोकं क्षणात भरून आली. एकही मूल उघडं नव्हतं. वचन पुरं झालं होतं. मुलांनी कोनफळं ठेवली आणि शिकवल्याप्रमाणं पहिलं पाऊल मागं टाकलं.

त्याच क्षणी वाद्यवाल्यांनी नाचाची चाल धरली. यात त्यांचा दोष नव्हता. वेदीपाशी दान पोचलं की वाजवायचं, ही दरवर्षीची रीत. आणि ती चाल कानावर पडली की आमच्याकडचं मूल पाळण्यात असलं तरी गिरकी घेतं. मन्साचा कोफी सगळ्यात आधी वळला. त्याच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेखालपर्यंत, लिहिलं होतं, 'हुक लावू नये'.

मग सगळीच वळली. 'निव्वळ वजन ५० किलो' एका काडीसारख्या मुलीवर होतं. 'उत्तम प्रत' होतं त्या पोराचं नाक वाहत होतं. जुळ्यांनी एकच वाक्य वाटून घेतलं होतं, एकाला 'या बाजूनं' आणि दुसऱ्याला 'उघडा'. सर्वांत धाकटी दीड वर्षांची मुलगी गर्दीला भिऊन जागच्या जागी ओली झाली, आणि पाद्रीसाहेबांकडं पाठ करून उभी राहिली. तिच्या पाठीवर होतं, 'कोरड्या जागी ठेवा'.

पाद्रीसाहेबांनी बायबल तोंडासमोर धरलं. बायबल हलत होतं. मग मागच्या बाकावरून एक हुंदक्यासारखा आवाज आला, आणि अख्खं चर्च फुटलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारी वाचून दाखवत होते. अराबाबाई निशाण धरून खांबासारख्या उभ्या होत्या, कान तापलेले, नजर क्रूसावर. त्यांना एवढंच वाटत होतं की ही जमीन दुभंगेल तर बरं, आणि दुभंगायला एवढा वेळ का लागतोय. तेवढ्यात बुधवारच्या बाकांवरून कोणीतरी उभं राहिलं आणि पांढरा रुमाल हवेत फिरवायला लागलं. आमच्याकडे रुमाल फिरवतात तो शाबासकीला. एकुआ टँडो होती. मग बुधवारचे सगळे उठले, मग शुक्रवारचे, आणि मुलं रुमालांच्या त्या गर्दीत पाठी दाखवत, नाचत, आपापल्या आयांकडं पोचली.

प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एकुआबाई भाजलेले शेंगदाणे खात बसल्या होत्या. अराबाबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. निशाणाची काठी मांडीवर आडवी.

"एकुआ, मी मंगळवारची नाही."

"मग?"

"बुधवारची. जुन्या वहीत लिहिलंय. वडिलांची सही आहे."

"हं." एकुआबाईंनी एक दाणा सोलला.

"हं काय? मी तुझ्या गटातली आहे."

"मला ठाऊक आहे. तुझ्या आईची सुटका माझ्या आईनं केली. बुधवारी, उजाडायच्या सुमाराला. पुढच्या बुधवारी मी झाले. आई मरेपर्यंत सांगायची."

अराबाबाईंच्या मांडीवरून निशाण मातीत घसरलं. "मी बुधवारच्या माणसांना एवढं बोलत होते. चारचौघांत एकदा तोंड उघडलं असतंस तर मी गार झाले असते."

"गार झाली असतीस, आणि मग आमच्यात येऊन बसली असतीस." एकुआबाईंनी टरफलं झटकली. "आमच्यात आधीच एक मी आहे. दुसरी कुठं ठेवायची होती?" त्या उठल्या. "आणि ते निशाण नीट धर. मातीत लोळतंय."

त्यानंतर काय झालं ते सांगते. मिस्टर अमिसांची बदली केप कोस्टला झाली. तिथं त्यांनी अर्जावर स्वतःच्या हातानं 'इतर' असा तिसरा रकाना आखला, त्याबद्दल ठपका खाल्ला, आणि निवृत्त होईपर्यंत तो आखत राहिले. एसिल्फी मास्तर १९८४ साली गेले. जुन्या वहीचं ते पान वाळवीनं त्यांच्याआधीच नेलं होतं, निदान ते तसं म्हणायचे. मन्साला पुढं तीन मुलं झाली, तिघंही मंगळवारची, आणि या वेळी कोणी वही मागितली नाही. तिचा कोफी आता स्वतःच्या होडीचा धनी आहे. सुगीला शुक्रवारकरांत उभा राहतो, आणि पाठ फिरवली की अजून कोणीतरी हसतंच. मिस्टर क्रेन्ट्सिल १९८९ साली वारले, एकाहत्तराव्या वर्षी. अराबाबाईंनी अर्जावर त्यांचं वय एका दिवसानंही वाढवलं नाही.

एकुआबाईंची भट्टी त्र्याऐंशीच्या दुष्काळात कायमची थंड झाली, आणि पुढं त्या लेकीकडं टाकोराडीला राहायला गेल्या. अराबाबाई मात्र डोळे अधू झाल्यावरही बोटांनी चाचपून कपडे शिवत राहिल्या, कोणत्याही वाराच्या मुलाचे, आणि मंगळवारचं निशाण त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. २००३ साली त्या गेल्या. अंत्यविधीला सगळे वार आपापल्या निशाणांखाली उभे होते. टाकोराडीहून भाड्याच्या मोटारीनं एकोणऐंशी वर्षांच्या एकुआ टँडो आल्या, काठी टेकत अंगण ओलांडलं आणि सरळ मंगळवारच्या निशाणाखाली जाऊन उभ्या राहिल्या. कुणा तरुण मुलीनं आदबीनं त्यांचा हात धरला. "आजी, बुधवारची जागा तिकडं आहे."

एकुआबाईंनी हात सोडवून घेतला.

"ती आयुष्यभर आपल्या जागेवर नव्हती," त्या म्हणाल्या. "मी एक दिवस नसले तर काय बिघडलं."